एका नावाचे दोन धनी

आमच्या सालवडच्या घरात यंदा गणपतीच्या आधी जी रडारड झाली ती एका हिरव्या रंगापायी झाली, असे सांगितले तर सुजाण वाचक हसतील. मीही प्रथम हसलोच होतो. पुढे त्या हसण्याची मला लाज वाटली आणि त्या लाजेपोटी हा लेख लिहावयास बसलो. दिवाळीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात सगळे गोडच वाढले तर ताट उठवत नाही. एखादी चकली तिखट असू द्यावी.

नातू अकरा वर्षांचा. त्याला लेगोचे ठोकळे जमविण्याचा नाद आहे. खेळण्याचा नव्हे, जमविण्याचा. हा फरक त्याने मला दोनदा समजावून दिला आहे. यंदा त्याने डहाणूची चिकूची वाडी आणि तिच्या कडेने धावणारी विरारची लोकल उभारण्याचे मनावर घेतले. लोकल झाली, रूळ झाले, फलाटावरचा चहावालाही झाला. राहिली झाडे. चिकूचे पान कसे असते हे आमच्या भागातल्या पोराला शिकवावे लागत नाही. गर्द, जाडसर, वरून तुकतुकीत. तेव्हा त्याने वाढदिवसाचे आणि आत्याने दिलेले असे सारे पैसे एकत्र केले आणि परगावच्या एका जुन्या संग्राहकाकडे 'डार्क ग्रीन'चे ६० ठोकळे मागविले.

पुडके आले. पोराने ते देवासमोर ठेवून मग फोडले आणि आतून निघाला सणाच्या पताकेला असतो तसा सरळसोट हिरवा. चिकूच्या पानाशी त्याचा दूरचाही संबंध नव्हता. "आजोबा, फसवलं त्यांनी!" म्हणून पोर रडू लागले. मी त्या गृहस्थांना चार खरमरीत ओळी धाडल्या. त्यांचे उत्तर आले ते इतके सभ्य की मीच वरमलो. ते लिहितात, 'आपण डार्क ग्रीन मागितलात, मी डार्क ग्रीनच दिला. कंपनीच्या यादीत ह्याच रंगाला डार्क ग्रीन म्हणतात. आपल्याला हवा तो अर्थ ग्रीन असावा.' गृहस्थ खरे बोलत होते. नातूही खरे बोलत होता. दोघेही खरे, आणि तरी पोराची वर्षभराची पुंजी वाया! खोटे कोणीच बोलले नसताना फसवणूक होते तेव्हा दोष माणसांत शोधू नये. तो शब्दांत शोधावा.

तो मी शोधला. लेगो कंपनी आपल्या ठोकळ्यांच्या रंगांना काही नावे देते. ठोकळे जमविणाऱ्यांनी आपापसांतल्या देवघेवीसाठी दुसरीच नावे पाडली आहेत. ह्या मंडळींची जी मोठी बाजारपेठ, ब्रिकलिंक, ती २००० साली एका छंदिष्टाने संगणकावर मांडली, आणि तिथे चालतात ती ही दुसरी नावे. कंपनी ज्याला 'ब्राइट रेड' म्हणते त्याला बाजार नुसता 'रेड' म्हणतो. इथवर ठीक, एका मुलाची दोन नावे असतात, घरचे बाळू आणि शाळेतले बाळकृष्ण. त्याने कोणाचे बिघडत नाही. पण पुढे ऐका. कंपनीचा 'डार्क ग्रीन' हा बाजाराचा साधा 'ग्रीन' आणि बाजाराचा 'डार्क ग्रीन' हा कंपनीचा 'अर्थ ग्रीन'. इथे एका मुलाची दोन नावे राहिली नाहीत. दोन मुलांना एकच नाव पडले. शाळेत एक बाळकृष्ण उत्तीर्ण व्हावयाचा आणि पेढे दुसऱ्याच्या घरी वाटले जावयाचे, अशातला हा प्रकार.

आणखी नमुने पाहा. कंपनीचा 'लाइट पर्पल' हातात घेऊन पाहिला तर तो चक्क गुलाबी आहे; बाजार त्याला 'ब्राइट पिंक' म्हणतो. कंपनीचा 'ब्रिक यलो' हा बाजारात 'टॅन', म्हणजे आपल्याकडे ज्याला मातकट बिस्किटी म्हणू तो. आता 'ब्रिक' म्हणजे वीट हे नातवाला ठाऊक. आमच्या पालघर-वाड्याकडच्या भट्टीतून निघणारी वीट तांबडी. म्हणून मराठीत विटकरी म्हटले की तांबूस रंगच डोळ्यांपुढे येतो. विटेवरून रंग ओळखावयाला निघालेले मराठी पोर ह्या नावाने बरोबर उलट्या गावी पोहोचते. मग नावे सोडून आकडेच वापरावे म्हटले तर तिथेही तीच गत. कंपनीच्या यादीत ५ क्रमांक ह्या बिस्किटी रंगाचा आहे, आणि बाजाराच्या यादीत ५ म्हणजे लाल! म्हणजे नुसता आकडा दिला तरी भागत नाही. तो कोणाच्या वहीतला हेही सांगावे लागते.

ह्यात २००४ सालच्या करड्या रंगाची गोष्ट तर महाभारतात घालण्याजोगी. त्या सुमारास कंपनीने आपले दोन्ही जुने करडे रंग बदलले. नवे करडे किंचित निळसर झाले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे जुन्या करड्याचे किल्ले बांधीत आणले होते त्यांच्या तटबंदीला मधूनच ठिगळ दिसू लागले. कंपनीने नव्यांना 'स्टोन ग्रे' असे आडनाव दिले. मंडळींनी त्यांना 'ब्लुइश ग्रे' म्हणून निळसरपणाचा ठपका नावातच ठेवला. एका रंगाला दगडाची भारदस्त उपमा, आणि त्याच रंगाला तक्रारीचा शेरा! पुढे २०१९ साली कंपनीने ती बाजारपेठच विकत घेतली. म्हणजे दोन्ही वह्या आज एकाच छपराखाली आहेत आणि तरी दोन्ही नावे नांदताहेत. जावा एका घरात आल्या म्हणून चूल एक होतेच असे नाही.

आता माझी लाज कसली ते सांगतो. माझी सारी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या रंगाईत, रंग जुळविण्याच्या टेबलाशी गेली. आमच्या भागात 'डाय' ह्या शब्दाचेच दोन धनी आहेत. चिंचणीच्या कारागिराला विचाराल तर डाय म्हणजे दागिन्यांचा ठसा आणि कारखान्यातल्या माणसाला विचाराल तर कापडाचा रंग. तरी आमची कधी गफलत झाली नाही, कारण समोर कोण बसला आहे हे पाहून आम्ही बोलतो. रंगाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आजोबाने नातवाची मागणी जाण्यापूर्वी एवढेच विचारावयास हवे होते, की हा डार्क ग्रीन कोणाच्या वहीतला? ते न विचारता तो हसत बसला.

कंपनीची नावे वेडगळ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ती रंगाऱ्याच्या बोलीतली आहेत. आमच्या पिंपांवर रंगाच्या नावापुढे एखादे अक्षर असे. आर म्हणजे तांबड्याकडे झुकलेला, बी म्हणजे निळ्याकडे, जी म्हणजे पिवळ्याकडे. हा 'जी' जर्मन भाषेतल्या पिवळ्यावरून, गेल्बवरून आलेला. अक्षरामागचा आकडा वाढला की झोक वाढला. बाजार ज्याला 'लाइम' म्हणतो त्याला कंपनी 'ब्राइट यलोइश ग्रीन' म्हणते तेव्हा ती हेच करीत असते. हिरवा कोणीकडे कलला आहे ते सांगत असते. बाजार ज्याला 'मॅजेंटा' म्हणतो त्याला ती 'ब्राइट रेडिश व्हायोलेट' म्हणते. मॅजेंटा हे इटलीतल्या एका गावाचे नाव. तिथे १८५९ साली लढाई झाली आणि त्याच सुमारास निघालेल्या नव्या रंगाला विजयाच्या भरात ते चिकटले. आपण त्याच्याच जवळच्या रंगाला राणी म्हणतो. रंगाऱ्याचे नाव रंगाची घडण सांगते, गिऱ्हाइकाचे नाव रंगाचे रूप सांगते. दोन्ही हवीत. माझे भांडण दोन नावांशी नाहीच. ते आहे एका नावाच्या दोन धन्यांशी, आणि त्याहून अधिक 'चालतंय हो' म्हणून ते चालू देणाऱ्यांशी.

हे चालू देणारे तीन प्रकारचे असतात. पहिले म्हणतात, हा पोरखेळ. पोराचे पैसे खरे असतात, पोराचा विश्वास त्याहून खरा असतो. परक्या गावच्या, कधी न पाहिलेल्या माणसाकडे त्याने शब्दाच्या भरवशावर पैसे पाठविले. जगातला सारा व्यापार ह्याहून वेगळा काय असतो? तो भरवसा अकराव्या वर्षी मोडला तर पुढे तो कोणत्या शब्दावर विसंबेल?

दुसरे विद्वान असतात. ते म्हणतात, रंग हा पाहणाराच्या डोळ्यांत असतो, प्रत्येकाचा हिरवा निराळा, तेव्हा नावांचा आग्रह व्यर्थ. ह्यातला अर्धा भाग खरा आहे, आणि तो मला त्यांच्याहून अधिक ठाऊक आहे. ट्यूबलाइटखाली अगदी एकजीव दिसणारे दोन कापडाचे तुकडे उन्हात नेले की एकमेकांकडे पाठ फिरवितात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. म्हणून तर रंगाईच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या उजेडांची पेटी असते आणि म्हणूनच मॅचिंग सेंटरमधला दुकानदार ब्लाउजपीस हातात देऊन "ताई, बाहेर उजेडात बघा" म्हणतो. पण डोळे फसतात म्हणून त्याने कधी दुकान बंद केले नाही. साडीचा पदर घेऊन या, असे त्याने सांगितले. अडचण आहे म्हणून खुणा अधिक पक्क्या कराव्यात की सोडून द्याव्यात? रस्ता चुकण्याजोगा असेल तर मैलाचे दगड उपटीत नाहीत.

तिसरे म्हणतात, ज्याने वस्तू केली त्याचेच नाव खरे, बाकीची रद्द करा. मला हेही मान्य नाही. नाव कारखान्यात ठरत असले तरी जगते ते लोकांच्या तोंडी. अबोली, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, श्रीखंडी, गुलबक्षी, मोरपंखी ही नावे कोणत्या कंपनीने पाडली? तपकिरी हा शब्द तपकिरीच्या डबीतून आला, आणि किरमिजी एका किड्यापासून. ही नावे रद्द करावयास निघालेल्या अधिकाऱ्याला माझी आई पोळपाटावरून उठून लाटणे दाखविती.

पण आई, आजी ह्यांची नावे घेऊन आपण फुशारकी मारावी अशी आपली आज स्थिती आहे काय? ठोकळेवाल्यांना हसण्यापूर्वी आपल्याच कपाटात डोकावा. नवरात्रात वर्तमानपत्रांतून नऊ दिवसांचे नऊ रंग येतात. मोरपंखीच्या दिवशी डहाणू लोकलच्या बायकांच्या डब्यात जाऊन पाहणारी माझी सून सांगते की त्या एका डब्यात डझनभर मोरपंखी असतात. कोणाचा निळा, कोणाचा हिरवा, कोणाचा मधलाच. नेसावयाला ते सुंदरच आहे. तिथे मी नाक खुपसणार नाही. पण हीच सूनबाई दुकानात 'मोरपंखी धागा' मागून तीनदा फेऱ्या घालून आली आहे. शब्द कवितेत सैल असावा, मागणीत घट्ट असावा. आपण दोन्हीकडे सैल ठेवला आहे. त्यावरचा आपला तोडगा कोणता, तर मराठी शब्दच टाकून देणे. मोरपंखी जमत नाही, 'पीकॉक' म्हणा. आमसुली जमत नाही, 'वाइन' म्हणा. गोंधळ तसाच राहिला, फक्त परका झाला.

आणि एक नाव असे आहे की ज्याच्यापुढे विनोद थांबतो. मुलांच्या खडूंत आणि बायकांच्या कपड्यांच्या दुकानात सर्रास चालणारा तो 'स्किन कलर'. कोणाच्या अंगाचा रंग हा? आमच्या सालवडच्या वाटेने सकाळी शाळेला जाणारी पोरे पाहा. गव्हाळ आहेत, सावळी आहेत, काळीसावळी आहेत. गोरी आहेत तीही त्या फिकट गुलाबट खडूसारखी नाहीत. तरी त्या खडूला कातडीचे नाव देऊन आपण दरवर्षी त्यांना चित्र काढावयास बसवितो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ साली काढून 'पीच' केले. ज्यांना आपण छंदिष्ट म्हणून हसतो त्या ठोकळ्यांच्या बाजारातही 'फ्लेश' हे नाव होते. तिथेही ते गेले आणि कंपनीचे 'नूगट', म्हणजे एका मिठाईचे नाव, आले. आपल्या दुकानांतून मात्र 'स्किन' अजून सुखाने नांदते आहे. रंगाच्या नावात काय आहे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, एखाद्या सावळ्या मुलीने स्वतःचे चित्र काढताना तो खडू उचलला आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिले, तर तिला काय सांगाल?

उपाय नाही असे नाही. रंगाऱ्यांच्या जगात हाच घोळ एके काळी याहून मोठा होता. एकच रंग दहा कारखाने दहा नावांनी विकीत. तेव्हा इंग्लंडातल्या सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स ह्या संस्थेने 'कलर इंडेक्स' नावाचा कोश काढला. त्याची पहिली आवृत्ती १९२४-२५ सालची. त्याने कोणाचेही नाव पुसले नाही. ज्याला एक कारखाना 'रेमाझॉल ब्रिलियंट ब्लू आर' म्हणत होता त्याच्यापुढे त्याने लिहिले 'रिॲक्टिव्ह ब्लू १९', एवढेच. म्हणा काय म्हणावयाचे ते, पण हिशेबाला ह्या घरी या. तारापूरच्या कारखान्यात पिंपावर कोणतीही छाप असो, आम्ही आधी ते नाव पाहत असू.

घरचाच दाखला हवा असेल तर आपला राष्ट्रध्वज घ्या. केशरी म्हणजे नेमका कोणता? भगव्याकडचा, शेंदरी, की नारिंगी? हा प्रश्न देशाने 'चालतंय' म्हणून सोडला नाही. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली ध्वजाचे मानक प्रसिद्ध केले, आणि भारतीय मानकांत त्याचा क्रमांक १ आहे. त्या मानकात केशरी कोणता हे मोजमापाने ठरविलेले आहे. म्हणून केशरी हा शब्द मेला का? उलट त्याच्या पाठीशी नमुना उभा राहिल्यामुळे तो अधिक ताठ झाला.

माझे म्हणणे एवढेच आहे. नावे दहा असोत; पण एका नावाला दोन धनी नकोत, असलेच तर कोणता धनी बोलतो आहे ते आधी सांगावे, आणि प्रत्येक नावामागे हातात धरता येईल असा नमुना असावा. ठोकळेवाल्यांनी निदान हे ओळखले आहे. जगभरच्या छंदिष्टांनी फावल्या वेळात, कोणी पगार न देता, कंपनीचे नाव आणि बाजाराचे नाव शेजारी शेजारी मांडून तक्ते केले आहेत. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांसाठी त्यांनी जे केले ते आपण पैठणीच्या रंगांसाठी घरात बसून तरी केले आहे काय?

नातवाने ते केले. त्याने एका वहीत प्रत्येक रंगाचा एकेक ठोकळा चिकटविला. खाली कंपनीचे नाव व आकडा, त्याखाली बाजाराचे नाव व आकडा, आणि तिसऱ्या ओळीत त्याचे स्वतःचे मराठी नाव. कंपनीचा १४१, अर्थ ग्रीन, बाजाराचा डार्क ग्रीन. खाली लिहिले आहे, 'चिकूपानी'. हा शब्द कोणत्या कोशात नाही. पण त्याच्यावर नमुना चिकटलेला आहे, तेव्हा तो माझ्या लेखी अनेक कोशांतल्या शब्दांहून खरा आहे. आलेल्या ६० पताकी ठोकळ्यांचे त्याने वाडीच्या पलीकडे भाताचे शेत केले. खरे भात तसे दिसत नाही, हे मी बोललो नाही.

भाऊबीजेच्या दुपारी घरात बायकामाणसे जमतील, कपाटे उघडतील, जुन्या साड्या निघतील. त्या वेळी एक वही घ्या. पदराच्या दशीतला एकेक धागा तीत चिकटवा आणि आजीला विचारा, "आजी, ह्याला तू काय म्हणायचीस?" ती सांगेल ते तिच्या नावानिशी लिहा. दुसरी आजी निराळे सांगेल. तेही लिहा, तिच्या नावानिशी. दोघी भांडतील. भांडू द्या. त्या भांडणात दोघींच्या हातांत तोच धागा असेल, आणि त्यामुळे ते भांडण मिटण्याजोगे असेल.

नातवाच्या आणि त्या गृहस्थांच्या हातांत तो नव्हता.